अडीच पट

सिस्टर, आपला वाद सत्तर-तीसवर अडला होता. चुकीतला सत्तर टक्के वाटा माझा, तीस टक्के तुमचा, असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "शंभरच्या शंभर माझे. तुमचं त्यात नावच नाही, भाऊ." चार वर्षं आपण यावर भांडलो आणि एक टक्कासुद्धा कुणी मागे सरकलं नाही. शेवटचं भांडण तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात झालं. स्कूटीला किल्ली लावता लावता तुम्ही म्हणालात, "उद्या बोलू की. आज उशीर झालाय."

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. काल तुमची मुलगी तबस्सुम तुमची फाईल घेऊन घरी आली होती. त्या फायलीत जे निघालं ते वाचून मला रडू आलं, पण थोडंच. त्यानंतर जे वाटलं ते दुःख नव्हतं. छातीवरचं वजन उतरल्यासारखं वाटलं. असं का वाटलं, ते तुम्हालाच सांगायला पाहिजे.

तुमचा पहिला दिवस मला स्पष्ट आठवतो. माझ्या आईच्या, अम्माच्या, पायाची जखम भरत नव्हती. शुगर चढलेली. डॉक्टर म्हणाले, रोज ड्रेसिंग आणि दोन वेळा इन्सुलिन, घरीच नर्स ठेवा. घरी नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेला मी फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला विजापूर वेशीतून तुम्ही आमच्या दारात हजर. चपला काढायच्या आधी पर्समधून कार्ड काढलंत.

"शमीम माझं नाव. हा रजिस्ट्रेशन नंबर. लिहून घ्या. नूतनीकरण कधीपर्यंत आहे ते खाली छापलंय, ते पण लिहा."

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंग मोजणारा माणूस. शंभर किलो सुताला किती ग्रॅम रंग, हे वीस वर्षं लिहीत आलोय. न मागता स्वतःहून आकडा दाखवणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. मी नंबर वहीत उतरवून घेतला. तुम्ही विचारलंत, "आणि अम्मांना नाही दाखवायचं? हात त्यांना लावणार आहे मी."

अम्माला मराठी समजतं, वाचता येत नाही. तिनं कार्डावरचा फोटो बघितला आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटली. मी सांगायच्या आधीच तुम्ही हसलात. "बारीक दिसते म्हणतात ना? हौ अम्मा, तेव्हा बारीकच होते मी." त्या दिवसापासून तुम्ही तिच्या शमीमम्मा झालात.

नियमांवरून आपलं लगेच जुंपलं. माझं म्हणणं असं की कार्ड, नर्सिंग परिषद, नोंदणी, दर काही वर्षांनी प्रशिक्षणाचे तास भरून नूतनीकरण, हे सगळं कागदी आहे. काम हातातून दिसतं. तुम्ही ड्रेसिंगची पट्टी गुंडाळत म्हणालात, "भाऊ, मी काल तुमच्यासाठी कोण होते? रस्त्यावरची एक बाई. आज तुम्ही मला अम्मांच्या दंडाला सुई लावू देता. कशाच्या जोरावर? माझ्या तोंडाकडं बघून?" तुम्ही पट्टीचं टोक चिकटवलंत. "त्या रजिस्टरात माझं नाव आहे म्हणून. मी चुकले तर ते नाव कापायचा कुणाला तरी अधिकार आहे म्हणून. पांढरा कोट तर आया पण घालतात की."

शेजारच्या गल्लीतले एक काका अंगात कणकण आहे म्हणून तुम्हाला सलाइन लावायला सांगत होते, तेही आठवतं. तुम्ही चिठ्ठी मागितली.

"चिठ्ठी कशाला वो? अशक्तपणा हाय, दिसतंय की. पलीकडची बाई लगेच लावती."

"मग पलीकडच्या बाईकडं जा."

"लई शिकलेल्या दिसताय!"

"हौ काका, लई शिकलेय. म्हणूनच तर लावत नाही."

काका बडबडत गेले. आठ दिवसांनी पायाला खिळा लागला तेव्हा ड्रेसिंग करायला तुमच्याकडेच आले. या खेपेला डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी आधीच हातात धरलेली होती.

एकदा मी तुम्हाला आमच्या डाईंग खात्यातली रीत सांगितली होती. रजिस्टरात आकडा चुकला तर खोडायचा नाही, गिरवायचा नाही. त्याच्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, आणि ज्यानं चुकीचा लिहिला त्यानंच पुढे सही करायची. चूक दुसऱ्यानं शोधली तरी सही चुकणाऱ्याची. तुम्हाला ते फार आवडलं. "आमच्या वॉर्डात पण असंच. फरक एवढाच, तुमचा टॉवेल फिका होतो, आमचा पेशंट जातो."

पाचव्या महिन्यात ती सकाळ आली.

आदल्या संध्याकाळी मी इन्सुलिन आणायला गेलो होतो. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला, "चाळीसवाली संपली काका. शंभरची आहे, औषध तेच. पण तिला सिरिंज वेगळी लागते. पाकीट देऊ?" मी त्याच सकाळी डब्यातल्या सिरिंजा मोजल्या होत्या. म्हणालो, "नको. घरात सव्वीस पडल्यात की." वेगळी म्हणजे वेगळ्या कंपनीची असेल, अशी मी समजूत करून घेतली. जो माणूस रंगाच्या प्रत्येक डब्यावरची टक्केवारी वाचल्याशिवाय झाकण उघडत नाही, त्यानं आईच्या औषधाच्या बाटलीवरचा आकडा ऐकला आणि सोडून दिला.

घरी येऊन आणखी एक केलं. जुन्या खोक्यावर बाटली उघडल्याच्या तारखा मी नीट ओळीनं लिहिलेल्या असायच्या. नवीन खोका गुळगुळीत, त्यावर पेन उमटेना. म्हणून नवीन बाटली जुन्या खोक्यात घालून फ्रिजच्या दारात नेहमीच्या जागी ठेवली, आणि नवीन खोका फेकून दिला. टापटीप म्हणून.

सकाळी सातला तुम्ही खोका उचललात, लाल टोपणाची सिरिंज घेतलीत, वीसच्या रेघेपर्यंत भरलीत. अम्मानं उपम्याचे दोन घास खाल्ले आणि ताटली बाजूला सारली. ड्रेसिंग झालं. एरवी तुम्ही आठला निघायचात. त्या दिवशी अम्मा लग्नातल्या साडीची गोष्ट सांगत होती म्हणून बसलात. ती गोष्ट लांबली, याबद्दल मी आजही देवापुढे हात जोडतो. पावणेनऊला अम्माला घाम फुटला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली.

तुम्ही बोट टोचलंत. मशीनवर अडतीस. साखरपाणी मागवलंत, तिचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाजलंत, आणि दुसऱ्या हातानं फ्रिज उघडायला मला खुणावलंत. "बाटली द्या. खोका नको, बाटली." ती हातात घेऊन वाचलीत. तुमचा चेहरा उतरला, पण आवाज नाही उतरला. "रिक्षा बोलवा भाऊ. चूक झालीय. वाटेत सांगते."

वाटेत तुम्ही सांगितलंत की नाही, मला आठवत नाही. मला अम्माचे डोळे तेवढे आठवतात. दवाखान्यात मी कागद भरत होतो, तुम्ही आत डॉक्टरांशी बोलत होतात. दाराच्या फटीतून एवढंच ऐकलं, "जास्त गेलं. माझ्या हातून." दुपारपर्यंत अम्मा शुद्धीवर आली. मला विचारलं, कामावर का नाही गेलास.

आता ते सांगतो, जे चार वर्षं सांगितलं नाही.

त्याच दुपारी संस्थेचा माणूस दवाखान्यात आला. म्हणाला, काय झालं ते लिहून द्या. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून अकरा ओळी लिहिल्या. बाटली नर्सने काढली. सिरिंज नर्सने भरली. इंजेक्शन नर्सने दिले. ठरलेल्यापेक्षा दुप्पट डोस दिला. जास्त म्हणजे दुप्पट, हे मीच ठरवलं. मोजलं नाही. शेवटची ओळ होती, या नर्सचे रजिस्ट्रेशन रद्द करण्यात यावे. दुकानाचा उल्लेख नाही, खोक्याचा नाही. त्या कागदात दुप्पट सोडलं तर एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी तो अख्खा कागद खोटा होता. आपल्या हातून काहीतरी घडलंय हे मला कुठेतरी माहीत होतं. म्हणूनच इतक्या भरभर लिहिलं.

तिसऱ्या दिवशी अम्माला घरी आणलं. माझी बायको सुजाता फ्रिज पुसत होती. खोका हातात घेऊन म्हणाली, "ह्याच्यावर तारीख मागच्या महिन्याची आहे. बाटली तर नवी. ह्याच्यात कुणी ठेवली?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि खोका ओट्यावर ठेवला. "अक्षर तर तुमचंच आहे," एवढंच म्हणाली.

मग मी मोजायला बसलो. चाळीसच्या बाटलीत एका मिलीला चाळीस युनिट, शंभरच्या बाटलीत शंभर. लाल टोपणाची सिरिंज चाळीससाठी आखलेली. तिच्यावर वीसची रेघ म्हणजे अर्धा मिली. चाळीसच्या बाटलीतून ते वीस युनिट, शंभरच्या बाटलीतून पन्नास. चौथीच्या मुलाला जमेल असं गणित.

रात्री दोन पानं लिहिली. दुकानदार काय म्हणाला, मी काय म्हणालो, खोका का बदलला, सगळं. चौकशीच्या दिवशी सकाळी संस्थेत जाऊन दिली आणि पहिला कागद परत मागितला. तो माणूस म्हणाला, "फाईलला लागलेला कागद परत मिळत नाही साहेब. दोन्ही राहतील." मी स्वतःची समजूत घातली, की राहील कपाटात पडून.

चौकशीला तिघं होते. एक डॉक्टर, संस्थेचे चालक आणि एक निवृत्त मेट्रन. मेट्रनबाईंनी विचारलं, "औषध किती वेळा वाचायचं असतं?"

"तीनदा. उचलताना, भरताना, परत ठेवताना."

"तुम्ही किती वेळा वाचलंत?"

"एकदा. ते पण खोक्यावर. त्या घरात सगळं जागच्या जागी असतं, म्हणून भरवसा ठेवला. वीसच्या जागी पन्नास गेलं मॅडम. अडीच पट."

मला राहवलं नाही. उभा राहून म्हणालो, "पण बाटली खोक्यात मी घातली होती. सत्तर टक्के तरी चूक..."

तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "बसा तुम्ही. तुमच्याकडं रजिस्ट्रेशन नंबर आहे का?"

मेट्रनबाईंना हसू आवरेना. मी बसलो. सत्तरचा आकडा तिथं निघाला.

लेखी ताकीद मिळाली. सहा आठवडे इंजेक्शन देणं बंद, दुसऱ्या सिस्टरच्या हाताखाली पुन्हा सराव, आणि सगळा अहवाल परिषदेकडे. नाव राहतं की जातं, ते तिथं ठरणार होतं. तुमची अठ्ठावीस वर्षांची नोकरी रजिस्टरातल्या त्या एका ओळीवर टांगलेली, आणि ती ओळ कापायची मागणी माझ्या अक्षरात. चार महिने मी पोस्टमनची वाट बघितली, जणू पत्र माझ्याच घरी येणार होतं. एका सकाळी तुम्ही आत येता येता म्हणालात, "आलं. नाव राहिलं." अम्मानं तुमच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो.

त्याआधीच, सहा आठवडे झाल्यावर, तुम्ही आमच्याच घरी परत आला होतात. मी संस्थेला तसं कळवलं होतं, पण तुम्ही याल असं वाटलं नव्हतं. आलात, चपला काढल्यात, कार्ड दाखवलंत, जसं पहिल्या दिवशी. मग बाटली माझ्या हातात दिलीत. "वाचा."

"चाळीस."

"मोठ्यानं."

"चाळीस!"

तुम्ही सिरिंज वर धरलीत. "लाल."

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ हाच पाठ. मी चाळीस म्हणायचो, तुम्ही लाल म्हणायच्या आत अम्मा पलंगावरून ओरडायची, "नलभै! एर्र!" चाळीस, लाल, तिच्या भाषेत. तुम्हाला तेलुगूतले हे दोन शब्द पक्के आले. जखम भरली तरी सुई चालू राहिली, आणि पाठही. कधी मी कामाच्या घाईत पुटपुटलो तर तुम्ही हात मागे घ्यायचात. "हौले झाले का भाऊ? येड्यासारखं पुटपुटू नका, परत म्हणा."

आणि मग चहा, आणि सत्तर-तीस. मी म्हणायचो, दुकानातच चूक सुरू झाली. तुम्ही म्हणायचात, "लोक चुकणारच. बाटल्या बदलणार, खोके बदलणार. म्हणून तर मला शिकवून, नंबर देऊन मधे उभं केलंय. मीच नाही वाचलं तर मी कशाला पाहिजे?" मी म्हणायचो, तरी तीसच. खरं सांगू? सत्तर म्हणताना मला प्रत्येक वेळी त्या अकरा ओळी आठवायच्या. टक्के वाढवून मी त्या झाकत होतो. कितीदा ठरवलं, आज सांगू. तुम्ही चहाचा कप ठेवायचात, आणि मी वेगळंच काहीतरी बोलायचो. तुमच्या आजारपणाचं कळलं तेव्हाही दवाखान्याच्या दारापर्यंत आलो. भेटायची वेळ संपली होती.

म्हणून काल तबस्सुमनं फाईल उघडली तेव्हा मी खुर्ची थोडी मागे घेतली. वर तुमचं नोंदणीचं प्रमाणपत्र, नूतनीकरणाच्या पावत्या, प्रशिक्षणाच्या तासांचे दाखले, सगळं तारखेनुसार लावलेलं. खाली एक झेरॉक्स. व्हरांड्यातल्या बाकावरचं माझं अक्षर.

"हे तुमचं आहे ना काका?" ती म्हणाली. तीही आता नर्स आहे, नोंदणी झालेली. "ज्याच्यावर तक्रार आहे त्याला चौकशीच्या आधी सगळे कागद द्यावे लागतात. नियमच आहे. अम्मीला दोन दिवस आधी मिळाला होता हा."

दोन दिवस आधी. म्हणजे "बसा तुम्ही" म्हणालात तेव्हा तुम्ही तो वाचलेला होता. परत येऊन "वाचा" म्हणालात तेव्हाही. चार वर्षांच्या प्रत्येक चहाच्या वेळी. मी नियमांना कागदी म्हणत होतो, आणि मी जे लपवतोय ते नियमानंच तुमच्या हातात आधी दिलेलं होतं.

सुजाता पाणी घेऊन आली. तबस्सुम म्हणाली, "मी भांडले होते तेव्हा. म्हटलं, ज्यानं तुझं नाव कापा म्हणून लिहिलं, त्याच्याच घरी कशाला जाते? तर म्हणाली, पहिल्या कागदात त्यानं माझी चूक लिहिली, दुसऱ्यात स्वतःची. दुसरा कागद लिहिणारी माणसं किती बघितलीस तू?"

मग तिनं कागदाच्या मधल्या ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलेल्या 'दुप्पट' या शब्दावर पेन्सिलीची एक आडवी रेघ होती. खोडाखोड नाही, गिरवणं नाही. शेजारी तुमच्या बारीक अक्षरात, 'अडीच पट'. आणि पुढे थोडी जागा मोकळी.

सिस्टर, मी तुमची चूक कमी लिहिली होती, आणि ती तुम्ही वाढवून बरोबर केलीत. ज्या कागदानं तुमचं नाव जाणार होतं, त्यातला आकडासुद्धा तुम्हाला चुकीचा राहू द्यायचा नव्हता.

मी मोठ्यानं हसलो. अम्मा पलंगावरून विचारू लागली, काय झालं. तिला तेलुगूत सगळं सांगितलं, पहिल्या कागदासकट. तिनं ऐकून घेतलं, माझ्या पाठीत एक धपका घातला आणि म्हणाली, शमीमम्माला ठाऊक होतं ना, मग झालं.

तबस्सुम निघताना म्हणाली, "काका, हवा असेल तर फाडून टाका हा. आम्हाला काही नको." मी म्हटलं, फाईलला लागलेला कागद काढायचा नाही. फक्त एक मिनिट दे.

सत्तर-तीसचं माझं मत अजून तेच आहे, तुम्ही समोर नाही म्हणून मी ते बदलणार नाही. पण तो आकडा तुमचा बरोबर होता. शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, आणि तुम्ही ठेवलेल्या मोकळ्या जागेत, 'अडीच पट'च्या पुढे, मी सही केली आणि कालची तारीख घातली.